दोन मोडक्या बंदुकांची एक

म्हातारी बोलली की हसून विषय उडवायचा, ही कसली रीत? असो, घरच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना सलाम.

आज अमेरिकेतून नातू इम्रानचा फोन आला. बंदूक दुरुस्तीचं दुकान काढतोय, सुटे भाग जोडून नव्या बंदुकाही विकणार. परवाना मात्र दुरुस्तीचाच. म्हणे, "दादी, तेवढा पुरतो."

इम्रान, साठ सालच्या पुढेमागे कुवेतला असंच दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा तुझे दादाही, म्हणजे माझे मालक, हेच म्हणायचे. दोन मोडक्या बंदुकांची त्यांनी एक केली, शिकाऱ्याला विकली. सरकारी माणसाने विचारलं, "ही दुरुस्ती कशी?" परवान्यात बंदूक बनवणं नव्हतंच. दुकानाला टाळं लागलं, आम्ही बोटीने परत रत्नागिरीला. उरलेला जन्म त्यांनी छत्र्यांच्या काड्या बसवल्या.

बनवणार असशील तर बनवायचाच परवाना काढ. काढणार की नाही, ते इथे तूच लिही. तुझ्या आईने मध्ये बोलायचं नाही.