तीन युनिटांचा स्वयंपाक

भिलाईत लोखंड वितळवणारे पुष्कळ होते; पण सरकारी नियम कुकरात घालून, शिट्ट्या काढून, वर फोडणी देऊन खाणारा माणूस सगळ्या दुर्ग जिल्ह्यात एकच, ते म्हणजे आमचे बोरसीचे काका. मूळचे भंडाऱ्याकडचे, प्लांटच्या कॅन्टीनमधून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. काकू वारलेल्या, मुलगा दूर बोकारोला. त्यांची माझी गाठ पडली ती शिलाईवाल्या बायकांमुळे. भिलाईच्या कॅम्प-1 या वस्तीत घरोघरी ठेकेदारांसाठी परकर आणि शाळेचे गणवेश शिवले जात, आणि या कामाची किमान मजुरी ठरवायला सरकारनं तेव्हा एक समिती नेमली होती. ठेकेदारांचं म्हणणं, या बायकांना नवरे पोसतात, शिलाई म्हणजे त्यांचा वरखर्च. आमचं, म्हणजे बायकांच्या संघटनेचं म्हणणं, मजुरीवर घर चाललं पाहिजे, नाहीतर तिला मजुरी म्हणू नका. मी पत्रकं लिहायची. त्यात 'शोषण' हा शब्द दर तिसऱ्या ओळीला असायचा. तसलं एक पत्रक कॅम्पच्या बाजारात काकांच्या हाती पडलं आणि ते तडक आमच्या ऑफिसात आले. म्हणाले, "पोरी, यात शिव्या भरपूर हायेत. डाळ कुठं हाये?"

मी त्यांना नियम समजावला. कामगाराचं कुटुंब म्हणजे तीन युनिटं : पुरुष एक, बाई एकाहून कमी, दोन लेकरं त्याहून कमी; एवढ्यांचं अन्न, कापड, भाडं आणि सरपण ज्यात निघेल ती किमान मजुरी. दुसरा कोणी असता तर कागदावर बेरीज करून थांबला असता. काका म्हणाले, "म्हंजे मले तीन युनिट रांधून पाहा लागंल," आणि उठले ते तराजू घेऊनच घरी गेले. आता तीन युनिटं रांधायची तर खाणारी तोंडंही त्याच मापाची हवीत. घरात काका एकटे. म्हणून दर रविवारी मी झाले 'बाई', आणि आमचा कार्यकर्ता यादव, ज्याला दारातून तिरपं होऊन आत यावं लागे, तो झाला 'दोन लेकरं'. मी पहिल्याच दिवशी भांडले. "बाई पुरुषाहून कमी कावून? ती दिवसभर मशीन चालवते ना, काका!" काका माझ्या वाटीतलं वरण तराजूकडे बघत एक पळी कमी करत म्हणाले, "भांड तू. पण जेवून भांड." यादव ताट पुढे सरकवायचा, "काका, बच्चे भूखे हैं." "लेकराईनं जास्त मांगू नये, नियमात नाही," असं दरडावून काका स्वतःची पोळी त्याच्या ताटात टाकायचे. मी म्हणायची, अशानं प्रयोग बिघडतो. "कायचा बिघडते? मी कमी खाल्लो, तो जास्त खाल्ला. बेरीज तेच."

कापडाचंही तेच. कुटुंबाला वर्षाला लागणारं कापड म्हणून त्यांनी हिरव्या चौकड्यांचा एक अख्खा ताका आणला आणि सरोजबाईकडून सगळ्यांचे कपडे शिवून घेतले. सरोजबाई आमच्या लढ्यातली सगळ्यात पुढची बाई; नवरा नागपूरला कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. मोर्चात काकांचा सदरा, माझा कुर्ता आणि यादवचा शर्ट शेजारी शेजारी चालू लागले तेव्हा ती म्हणाली, "कहाँ के बैंड पार्टी आय, काका?"

एकदा मी काही कागद मागायला बुधवारीच बोरसीला गेले. तेव्हा कळलं, स्वयंपाक रोजच तीन युनिटांचा होत होता. चार ताटं मांडलेली, तीन झाकलेली, आणि काका चौथ्यासमोर. "लेकरं उशिरा येतात," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. मग घाईघाईनं एका ताटावरचं झाकण काढलं. "बस. गरम हाये."

सुनावणी दुर्गला झाली. काकांनी डाळ-तांदळापासून सरपणापर्यंत सगळं समितीला खड्या आवाजात सांगितलं. ठेकेदारांचा माणूस शांतपणे उठला. "काकाजी, आपके घर में कितने लोग हैं?"

काका खोटं बोलले असते तरी कोण तपासायला जाणार होतं? पण ते म्हणाले, "एक."

"तो तीन का खाना किसके लिए?"

लोक हसायला लागले. काकांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. "बनाना पड़ता है, साहब. एक का बनाओ तो कोई आता ही नहीं."

हसू आणखी वाढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माझ्याआधी सरोजबाई उभी राहिली. "हाँसव झन, साहब. हमर घर म कमइया एके झन हे, अउ वो मैं आंव. खवइया चार झन." मग तिच्या मागे एकेक बाई उठत गेली, आणि बहुतेकींचं तेच होतं : कमावणारी ती एकटी, खाणारी तोंडं चार. खोलीतलं हसू विझलं.

मागितला होता तेवढा दर मिळाला नाही. पण वरखर्चाची भाषा समितीनं फेटाळली आणि दर कुटुंबाचा धरला. सरोजबाईनं पेढे वाटले. मला लगेच राजनांदगावला जायचं होतं, तिथल्या बायका वाट पाहत होत्या.

मी निघायच्या रविवारी काका ऑफिसात आले, अंगात तोच हिरवा सदरा. "आज जेवाले कोणी येऊन नाही राहिलं?"

"काका, दर लागला. झालं ना काम."

"हो, झालं." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "हे दर पुन्हा कधी ठरवतेत?"

"पाच वर्षांच्या आत कधीतरी."

"आत म्हंजे लवकरही होऊ शकते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होऊ शकते ना?"

यादव खिडकीबाहेर बघायला लागला. सरकारवर कोणी विसंबू नये, असं तोवर मी शेकडो लोकांना बजावलं होतं.

"होईल, काका," मी म्हणाले. "लवकरच होईल."