पडद्यावरचा मासा

सिनेमातल्या गुजराती सासूने शेवटी बंगाली सुनेच्या हातचा मासा खाल्ला आणि सगळं थिएटर विरघळलं. माझ्या शेजारच्या काकू तर हुंदके देत होत्या. त्यांच्या पलीकडे त्यांची खरी सून बसली होती, तीही कोलकात्याचीच. तिने आपला रुमाल पुढे केला.

पडद्यावरच्या माशाला वास नसतो, म्हणूनच त्याच्यावर इतकी माया करता येते. परप्रांतातली माणसंही गाण्यात गोडच दिसतात. घरात आली की त्यांना वास येऊ लागतो.

बाहेर पडताना सुनेने जरा धीर करून विचारलं, “आई, आज मासे करू?”

काकूंचे डोळे अजून ओलेच होते.

“कर की,” त्या म्हणाल्या, “गॅलरीतल्या शेगडीवर कर. आणि तिथेच जेवून घे, दार लावून.”