शिंक्यातल्या गोळ्या

रखमाजिजी जेवायला बसली की आधी अर्धी भाकरी मोडून शिंक्यात ठेवायची, मग उरलेली खायची. तिचा एकुलता मुलगा सुरतेच्या गिरणीत गेला तो परत फिरकलाच नव्हता. "मन्हा आंडोर उना ते काय खाई?" म्हणायची. सकाळी ती भाकरी गाईला जाई, रात्री दुसरी शिंक्यात चढे.

रनाळ्यात तिची नि माझी भिंत एक. आमचे हे रेल्वेच्या कामावर, महिना महिना बाहेर. मला चार माणसांत बोलता येत नसे. जिजी म्हणे, "तू गुपचूप बस माय, मी दोन्हीसनं बोलसू."

लढाईच्या दिवसांत तिला न्यूमोनिया झाला. बैलगाडीत घालून नंदुरबारला नेले. डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. मी चौथी शिकलेली, म्हणून पुडी माझ्याच हाती दिली. "बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या, नाहीतर दुखणं उलटेल. पाणी भरपूर प्यायला लावा. आणि यातली एकही दुसऱ्या कोणाला द्यायची नाही."

ताप उतरला. जिजी उठून चुलीशी बसली. गोळीची वेळ झाली म्हणून मी गेले, तर पुडी जागेवर नव्हती. शिंक्यात भाकरीखाली सापडली.

"जिजी, हाई काय?"

"ताप ग्या नं माय. ऱ्हाऊ दे त्या. मन्हा आंडोरले असाच ताप उना ते मी कोठेन लयसू?"

डॉक्टरांचे सगळे सांगून पाहिले. तिने तोंड फिरवले. मी आयुष्यात कोणाशी वाद घातला नव्हता. तरी म्हटले, "आनि तो उना, आनि दार उघाडाले तूच नही ऱ्हायनी ते?"

हलणारे शिंके जिजीने हाताने धरून थांबवले.

"मंग दे बठ्ठ्या एकदम. झंझट नको."

"एकदम नही. एकच. आनि तांब्याभर पानी पी."

"मोठी डॉक्टरीन! आते कशी बोलाले लागनी!" म्हणत तिने तोंड उघडले.

पुडी संपेपर्यंत दर गोळीला मी तिच्यासमोर बसले. ती वाचली. पुढे कितीतरी वर्षे भाकरी मोडत राहिली. मुलगा आला नाही.

एका उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. सकाळी तिचे दार मी उघडले. शिंक्यात अर्धी भाकरी होती. गाय दारात उभी होती, पण ती भाकरी मी तिला घातली नाही. तिथेच चुलीशी बसून खाल्ली.