दाजींनी वळलेली पाकळी

भाचीचं लग्न कमी खर्चात करायचं, म्हणून स्टेजमागची फुलं आम्ही घरीच करत होतो. ताई, तिची मुलगी मुक्ता आणि मी; मध्ये क्रेप कागदाचा ढीग. मुक्तानं स्वतःच मुलगा निवडल्यापासून दाजी, म्हणजे तिचे बाबा, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते पलीकडे पेपरात डोकं घालून बसले होते.

माझी पाकळी सारखी उलगडत होती. शाळेत चित्रकला शिकवलेल्या दाजींना ते बघवेना. "तशी नाही वळत," म्हणत ते खाली येऊन बसले. पेन्सिलीभोवती कागद गुंडाळून त्यांनी एक गुलाब केला, मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी मान न उचलता म्हणाले, "मुक्ता, डिंक दे."

तिनं बाटली उघडून पुढे केली. मला वाटलं, तयार सजावट आणली असती तर या माणसाला आमच्यात येऊन बसायला निमित्तच उरलं नसतं. हाताला काम लागलं, की न बोललेल्या गोष्टी जरा हलक्या होतात.

लग्नाला येणार का, हे त्यांना विचारायचं धाडस आमचं झालं नव्हतं. टोपली भरल्यावर त्यांनीच मुलीला विचारलं, "स्टेज किती फूट रुंद आहे?"