उंदरांचा नकाशा

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात प्लेग एकदाच आला नाही. तो येई, ओसरे आणि पुन्हा येई. अशाच एका थंडीत माझी मुलगी जन्मली. दिवस भरायला बराच अवकाश होता. सुईण म्हणाली, ऊब राहिली तर जगेल, वारं लागलं तर भरवसा नाही. आम्ही मागच्या खोलीचा झरोका चिंध्यांनी बुजवला, मुलीला कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि टोपलीजवळ शेगडी पेटती ठेवली. पत्नीचं माहेर मुरगूडचं. एरवी ती बाळंतपणाला तिकडेच गेली असती. पण शहरातलं माणूस दिसलं की गावकरी त्याला वेशीवर अडवत होते, त्यामुळे ती इथेच राहिली.

मी तेव्हा एका छापखान्यात काम करीत असे आणि बाहेरगावच्या एका साप्ताहिकाला शहराच्या बातम्या कळवीत असे. त्यामुळे दरबारचे प्लेगचे हुकूम इतरांच्या थोडे आधी माझ्या वाचनात येत. त्यातला एक हुकूम माझ्या घरापुरता महत्त्वाचा होता. ज्या गल्लीत उंदीर पडतील, म्हणजे आपोआप मरून पडलेले सापडतील, ती गल्ली रिकामी करायची. घराघरांची कौलं काढून ऊन आत घ्यायचं, फिनेल शिंपडायचं, भिंतींना चुना द्यायचा आणि माणसांनी शहराबाहेर माळावर झोपड्यांत राहायला जायचं. पौषातला माळ कसा असतो हे ठाऊक असलेल्याला सुईणीच्या बोलण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उलट, गल्लीत खरोखरच प्लेग असेल आणि आम्ही बंद खोलीत बसून राहिलो, तर शेगडीचा उपयोग नव्हता. आमच्या गल्लीत उंदीर पडतात की नाही, एवढा एकच प्रश्न होता.

हा प्रश्न ठरवण्याचं काम कॉलेजातल्या एका शास्त्राच्या प्रोफेसरांकडे आलं होतं. ते मुंबईत शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, शांत बोलणारे गृहस्थ होते. दरबारने त्यांना शहराच्या चावडीमागे एक खोली दिली होती. खोलीत एक सूक्ष्मदर्शक, रॉकेलच्या डब्यांत ठेवलेले उंदीर आणि भिंतीवर शहराचा हाताने काढलेला मोठा नकाशा होता. उंदीर सापडला की तिथे तांबड्या दोऱ्याची टाचणी, माणूस आजारी पडला की काळ्या दोऱ्याची. प्लेग उंदरातून येतो असं त्यांचं मत होतं. उंदरातून माणसात कसा येतो, मातीतून, श्वासातून की उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून, हे अजून कोणाला नीट सांगता येत नव्हतं. ते स्वतः तसं मोकळेपणाने म्हणत. बातमीसाठी मी त्यांच्याकडे जात असे. मुलगी झाल्यावर मी रोज जाऊ लागलो.

आमची गल्ली आता जिला शिवाजी पेठ म्हणतात त्या भागातली. गल्लीच्या तोंडाशी एक तालीम होती. उतारावर खालची गल्ली लागे, तिच्या तोंडाशी दुसरी तालीम. दोन्ही तालमींचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नव्हतं. नकाशावरच्या तांबड्या टाचण्या या दोन गल्ल्यांत विचित्र वागत होत्या. एका दिवशी उंदीर आमच्या तालमीच्या पायरीशी सापडे, दुसऱ्या दिवशी खालच्या तालमीच्या पायरीशी, मग पुन्हा आमच्याकडे. मधल्या घरांत एकही नाही. आणि काळी टाचणी दोन्हीकडे नव्हती. या तांबड्या टाचण्या लोकांच्या सांगण्यावरून लावलेल्या होत्या; शिपाई पोचेपर्यंत उंदीर नाहीसा झालेला असे, म्हणून गल्ली रिकामी करण्याचा हुकूमही निघाला नव्हता.

"उंदीर चढावर येतात आणि परत उतरतात," प्रोफेसर म्हणाले. "पण मधल्या घरांत शिरत नाहीत. याचा अर्थ ते जमिनीवरून येत नाहीत."

"मग?"

"खालून."

त्या भागात पूर्वीच्या काळचा एक खापरी नळ जमिनीखालून जातो असं जुने लोक सांगत. तळ्याकडचं पाणी कधीकाळी त्यातून पेठेतल्या हौदांत येत असे. हा नळ दोन्ही तालमींच्या खालून जात असावा आणि आजारी उंदीर त्यातून ये-जा करीत असावेत, असं प्रोफेसरांनी अनुमान काढलं. मला ते पटलं. माझ्यासारख्या अनेकांना पटलं, कारण टाचण्यांना दुसरा अर्थ लागत नव्हता. मी त्यांना विचारलं की गल्ली रिकामी करण्याची शिफारस ते करणार का. ते म्हणाले, नळ सापडला तर दोन्ही गल्ल्या ताबडतोब बाहेर काढाव्या लागतील. तुमच्या मुलीचं मला ठाऊक आहे, पण मला तसंच लिहावं लागेल.

खोदाई एका सकाळी सुरू झाली. दोन्ही गल्ल्यांतले लोक बघायला जमले. नळ खरोखरच सापडला. मात्र तो पिंपळाच्या मुळांनी आणि घट्ट बसलेल्या गाळाने इतका भरला होता की त्यात काठीसुद्धा शिरेना. प्रोफेसर खड्ड्यात उतरले, हाताने मुळं चाचपली आणि तसेच उभे राहिले.

आमच्या तालमीचे वस्ताद काठावर बसले होते. लाकडाच्या वखारीवर काम करणारे, मोठ्या अंगाचे गृहस्थ.

"पावणं, उंदराची कुंडली मांडली, पण गिऱ्हं चुकलं की," ते म्हणाले. लोक हसले.

समोरून खालच्या तालमीचे वस्ताद बोलले. ते भांड्यांना कलई करीत. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनीही तेच काम आणि तीच तालीम सांभाळली होती. "हसतोस काय? मास्तरास्नी सांग की तुझी पोरं पहाटंला टोपलीतनं काय घिऊन येत्यात आमच्या दारात."

"आमची पोरं?"

"व्हय, तुझी. चिमट्यानं उचलून पायरीवर ठेवत्यात. माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"मग तुझाच तुला परत दिला असंल. आमच्या पायरीवर आदुगर कुणी टाकला?"

"आम्ही न्हाय टाकला. आम्ही फकस्त तुमचा तुमाला पोचता केला."

"आमचा कुठला? तुमचाच हुता त्यो."

प्रोफेसर खड्ड्यातून वर आले. त्यांनी दोघांनाही अत्यंत सभ्यपणे विचारलं की हे का केलं. यावर मात्र दोन्ही वस्तादांचं एकमत होतं. तालमीच्या आखाड्यातली माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद घालून वर्षानुवर्षं ती मुरवलेली असते. उंदीर सापडला की शिपाई येणार, मातीत फिनेल ओतणार आणि मग ती माती पैलवानाच्या अंगाला लावायच्या लायकीची राहणार नाही. म्हणून पहाटे पायरीवर उंदीर दिसला की तो दुसऱ्याच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. दुसऱ्यांनीही तेच करायचं.

"म्हणजे एकच उंदीर?" प्रोफेसरांनी विचारलं.

आमचे वस्ताद म्हणाले, "एकच असंल. न्हायतर दोन. आता कसं सांगायचं, मास्तर? मेल्यावर समदे सारखंच दिसत्यात."

"पहिला कुठे पडला, ते कुणाला आठवतं?"

यावर पुन्हा भांडण सुरू झालं. जमलेल्यांपैकी काहींनी उंदीर खालचा असल्याची शपथ घेतली, काहींनी वरचा असल्याची. कलईवाल्या वस्तादांच्या गल्लीतल्या एकाने असंही सांगितलं की तो दोन्हीकडचा नव्हता, बाजारातून धान्याच्या गाडीबरोबर आला होता. हे म्हणणाऱ्याला दोन्ही बाजूंनी गप्प बसवलं.

प्रोफेसर खोलीवर परतले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी नकाशावरच्या दोन्ही गल्ल्यांतल्या टाचण्या उपटल्या आणि तळहातावर घेतल्या.

"माझ्या मुलीचं काय करू?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "काल विचारलं असतं तर सांगितलं असतं. काल मला माहीत आहे असं वाटत होतं." मग म्हणाले, "एक तरी उंदीर खरा आहे. कुठून तरी तो आलाच. पण तुमच्या गल्लीत प्लेग आहे असं मी लिहू शकत नाही आणि नाही असंही लिहू शकत नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. पुरावा नसल्यामुळे हुकूम निघाला नाही. हुकूम न निघाल्याने प्रत्येक घरावर आपापला निर्णय घेण्याची वेळ आली, आणि असा निर्णय कसा घ्यायचा हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी घरी गेलो. पत्नी मुलीजवळ बसली होती. मला काही सुचत नव्हतं. भांड्यांमागे काही मेलेलं आहे का ते बघावं म्हणून मी फळीवरची भांडी एकेक करून खाली उतरवायला लागलो. फळी मोकळी झाली, मागे काही नव्हतं. वळून पाहिलं तर पत्नी ती भांडी चादरीत बांधत होती. मीही मग दुसरी चादर घेतली. सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही एक गाडी केली. मुलीची टोपली पत्नीच्या मांडीवर, तिच्यावर घोंगडं, घोंगड्यावर पत्नीचा पदर. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा आमचे वस्ताद तालमीच्या दारात उभे होते.

दुपारी मी राहिलेलं सामान न्यायला परत आलो, तर शेजारचं घर बांधाबांध करीत होतं. त्यांच्यापलीकडचंही. वस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"सांगायचं न्हवतं तर नगा सांगू. पण तुमास्नी आतली बातमी हाय, हे गल्लीला कळलंय."

"मला काहीच माहीत नाही."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "तुमी असंच म्हणणार." आणि तालमीला कुलूप लावायला गेले.

संध्याकाळपर्यंत आमची गल्ली रिकामी झाली. वरची गल्ली गेली म्हणजे वर काहीतरी सापडलं असणार, असं समजून खालचीही निघाली. शिपायांनी न सांगता झालेलं हे पहिलंच स्थलांतर असावं.

माळावरच्या झोपडीला पाल्याचा कूड होता. वारा त्यातून आत येई. पत्नी मुलीला दिवसभर छातीशी बांधून उन्हात बसे आणि सूर्य कलला की घोंगड्यात शिरे. सुरुवातीला मुलगी दूध ओढत नव्हती. कापूस भिजवून थेंब थेंब पाजावं लागे. आज जाते की उद्या, असं मला वाटत होतं. मग एका सकाळी ती ओढू लागली. का, ते सुईणीलाही सांगता आलं नाही. ती म्हणाली, उन्हानं असेल. पण घरात असतानाही तिने ऊब हवी एवढंच सांगितलं होतं, ऊन हवं असं कधी म्हटलं नव्हतं.

त्या साथीत आमच्या दोन्ही गल्ल्यांतलं कोणी आजारी पडलं नाही. शहरात इतरत्र माणसं गेली. कोणी म्हणे, आपण वेळेवर बाहेर पडलो म्हणून वाचलो. कोणी म्हणे, गल्लीत प्लेग नव्हताच, उगाच थंडीत हाल काढले. दोघांचंही म्हणणं खोडता येत नव्हतं, कारण गल्लीत राहून बघितलेलं कोणी नव्हतं.

परतण्याच्या सुमारास प्रोफेसर माळावर आले. हुकमाशिवाय दोन गल्ल्या रिकाम्या कशा झाल्या, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. कलईवाल्या वस्तादांनी त्यांना आमच्या वस्तादांकडे पाठवलं, त्यांनी माझ्याकडे. मी म्हणालो, पत्नीने भांडी बांधायला घेतली म्हणून आम्ही निघालो. त्यांनी तिला विचारलं.

"मी कशाला बांधीन?" ती म्हणाली. "ह्यांनी फळीवरची भांडी काढून ठिवली. मला वाटलं, तुमच्याकडनं काय तरी कळलंय ह्यास्नी."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडी का काढली ते सांगितलं. मग प्रोफेसर म्हणाले, मुलीला बघू का? पत्नीने ती त्यांच्या हातात दिली. त्यांना मूल धरायची सवय नसावी, कोपर फार वर धरलं होतं.

"स्थलांतरामुळे मुलगी वाचली, असं मी लिहिलं तर चालेल?" त्यांनी पत्नीला विचारलं.

"लिवा की," ती म्हणाली. "पर थंडीनं गेली असती, तर काय लिवलं असतं?"

मुलगी रडू लागली, तेव्हा त्यांनी ती परत दिली आणि पत्नी पाठ करून तिला पाजायला बसली.