साडूंचं लेबल आणि कुंभारपिंपळी खुर्द

माझ्या धाकट्या साडूंइतका निराश माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि आमच्याकडे या बाबतीत चुरस केवढी मोठी आहे हे मी सांगायला नको. पण बाकीची मंडळी पाऊस, रस्ते आणि नळ यांच्यावर निराश असतात. साडूंची सगळी निराशा एका डब्यावर खर्च होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘नाव’, ‘गाव’, ‘तालुका’ असे शब्द ज्या अदृश्य चौकोनात बसवलेले असतात, त्याला प्रोग्रामर लोक लेबल म्हणतात. शब्द लांब आणि डबा आखूड असला की शब्दाची शेपटी कापली जाते. तुम्ही-आम्ही ते बघतो आणि पुढे जातो. साडू पुढे जात नाहीत. डबा शब्दाच्या मापानं आपला आपण लहानमोठा झाला पाहिजे, या एका ध्यासापायी त्यांनी पुण्याची नोकरी सोडली, लासूर स्टेशनला घरच्यांची बोलणी खाल्ली आणि शेवटी औरंगपुऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, मागच्या खोलीत येऊन बसले.

“दादा, इंग्रजीचं लई सोपं हाय,” ते मला समजावत. “अक्षरं गुमान रांगेत उभी ऱ्हातात. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार बसलेला, पायाला उकार लोंबकळलेला, आन् वेलांटीचा एक पाय शेजाऱ्याच्या अंगणात. नुसती अक्षरं मोजून माप निघत नाय. आख्खा शब्द समोर उभा करायचा आन् शिंप्यावानी टेप लावायचा.” हा टेप त्यांनी मग दुनियेलाच लावला. माझ्या पुतणीच्या मुलीच्या बारशाला आत्याबाई पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगणार, तेवढ्यात साडू गंभीरपणे म्हणाले, “आत्या, एकदा आडनावासकट म्हणून बघा. रेशनकार्डावर बसायला पाहिजे.” शहागंजच्या बाजारात त्यांच्याबरोबर चालणं ही तर शिक्षाच होती. रंगाऱ्यानं पहिली अक्षरं ढब्बू काढायची आणि शेवटी जागा संपली की उरलेल्यांना कोंबायचं, अशा पाट्या तिथं पावलोपावली. एका अत्तरवाल्याच्या पाटीवर दुकानदाराचं नाव हत्तीएवढं आणि ‘अँड सन्स’ मुंगीएवढं होतं. साडू त्या पाटीसमोर एखाद्याच्या मयताला यावं तसे उभे राहिले. दुकानदार बाहेर आला. “क्या देख रहे मियाँ?” साडू म्हणाले, “आपके लडकों को जगा नै बची.” म्हातारा वर पाटीकडे बघत म्हणाला, “उनको दुकान में बी कां बची? दोनों दुबई चले गए.” आम्ही काही न घेता निघालो. चौक ओलांडेपर्यंत साडू मान हलवत होते.

मग दुष्काळाचं ते साल आलं. धरणात गाळ उरला होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि तरीही शहर चहूबाजूंनी आडवंतिडवं पसरतच होतं. खेड्यांना टँकर पुरवणारा एक ठेकेदार माझ्या ओळखीचा. कुठला टँकर कुठल्या गावाला निघाला, हे पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम त्याला हवा होता. काम मी साडूंना दिलं, आणि ते लेबलांची मापं घेत बसले. ठेकेदार रोज दुकानात यायचा. “अहो, नाव जरासं तुटलं तर काय बिघडतंय?” तो म्हणायचा. साडू मान वर न करता उत्तर देत, “तुमच्या बापाचं नाव तुटलं तर चालंल का?” मी मधे पडून चहा मागवायचो.

अखेर प्रोग्राम झाला. एकही नाव तुटत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा साडू हसले. ठेकेदाराचं यंत्र म्हातारं, त्याला दर वेळी मापं घ्यायला लावून दमवायचं कशाला, म्हणून साडूंनी सगळ्या गावांची मापं आपल्याच कॉम्प्युटरवर आधीच घेऊन ठेवली होती. नेमकी तिथं माशी शिंकली. त्यांच्याकडचा सडपातळ अक्षरांचा फॉन्ट ठेकेदाराच्या यंत्रात नव्हताच. त्या यंत्रानं स्वतःजवळचा जाडा फॉन्ट काढला आणि सडपातळाच्या मापानं शिवलेल्या डब्यात कोंबला. फुलंब्रीच्या अलीकडं दोन गावं आहेत, कुंभारपिंपळी बुद्रुक आणि कुंभारपिंपळी खुर्द. पडद्यावर दोन्ही ओळींत नुसतंच ‘कुंभारपिंपळी’ उरलं. ऑफिसातला माणूस दोन्ही गावांच्या वेळी वरच्याच ओळीवर बोट ठेवायचा. वरची ओळ बुद्रुकची. बुद्रुकला दुप्पट पाणी जाऊ लागलं आणि त्यांनी अर्थातच कुणाकडे तक्रार केली नाही. खुर्दची विहीर कोरडी राहिली. आणि खुर्द ही आम्हा दोघा साडूंची सासुरवाडी.

सासऱ्यांचा फोन माझ्या दुकानात आला. आवाज अगदी शांत. “पाव्हनं, जरा बघा की, आमचं गाव कम्प्युटरात हाय का अजून?”

साडूंनी ते मागच्या खोलीतून ऐकलं. ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन त्यांनी पडदा पाहिला. मग खुर्दला वळवलेल्या टँकरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी चढले. मी मोटारसायकलवर मागे. टँकर विहिरीत रिकामा होत होता, बायका पोहरे घेऊन कडेला दाटल्या होत्या, सासूबाईही त्यांच्यातच होत्या. आधी आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साडू लिंबाखाली सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. “मामा, चूक माझी हाय. माप चुकलं. तुमच्या गावाचं नाव माझ्यामुळं तुटलं.” ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसू लागले. मामांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. “खुर्द म्हंजी धाकटं. धाकल्याला जागा पुरती कधी? आन् तुमी कशाला रडता, तुमी बी धाकलेच जावई.” बायका हसल्या. साडूंना हसता आलं नाही.

त्यांनी प्रोग्राम बदलला. आता तो उघडताना प्रत्येक वेळी समोरच्याच यंत्रावर, तिथल्याच फॉन्टात, एकेका नावाचं माप घ्यायचा. त्यात इतका वेळ जायचा की ठेकेदाराचा माणूस मधे बाहेर जाऊन तंबाखू मळून यायचा. पण खुर्दला टँकर पोचत राहिला. पुढं पाऊस झाला, ठेकेदारानं धंदा बदलला आणि त्या प्रोग्रामची कुणालाच गरज उरली नाही.

मामा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. शहर हर्सूल ओलांडून सासुरवाडीपर्यंत पोचलंय. बुद्रुक कुठं संपतं आणि खुर्द कुठं लागतं हे आमच्या बायकांनाही सांगता येत नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडून येत होतो. विहीर होती त्या बाजूला प्लॉटवाल्यांचा भलामोठा फलक लागलाय. कारंजं, झोपाळा, हसरं कुटुंब, आणि वर मोठ्ठ्या अक्षरांत नुसतं ‘कुंभारपिंपळी’. साडूंनी मला मोटारसायकल थांबवायला लावली. उतरले, फलकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले आणि परत आले.

“दादा,” ते म्हणाले, “इथं तर जागा होती.”

मी पाहिलं. नावाच्या पुढं खूप जागा होती.