सुमंत सरांनी न वाचलेला निबंध

सुमंत सर मूळचे वाईचे. पलूसच्या पुढं, चारी बाजूंनी उसात बुडालेल्या एका गावात इतिहास शिकवायला आले आणि तिथंच पिकले. लग्न केलं नाही. का केलं नाही, याच्या गावात बऱ्याच कथा, आणि सगळ्या शालूबाईच्या गिरणीत दळलेल्या. एकीत साताऱ्याची नर्स, दुसरीत वाईच्या वकिलाची पोरगी. तिसरी इथं सांगण्यासारखी नाही. सरांना हे सगळं ठाऊक. दळणाचा डबा ठेवून तेच विचारायचे, “काय शालूबाई, या आठवड्यात कुणाशी जमलं माझं?”

पण एका बाबतीत गाव त्यांची टिंगल करत नसे. सर पोरांचे निबंध वाचायचे. खरोखर वाचायचे, आणि खाली लाल शाईत चार ओळींचा शेरा लिहायचे. दोनतीन घरांत तो शेरा काचेत घालून फौजेतल्या पदकांशेजारी टांगलेला. पोरं त्यांना काहीबाही लिहून द्यायची: बापाची दारू, भावकीतली मारामारी. ते निबंध कपाटातून कधी बाहेर आले नाहीत. निम्म्या गावाची गुपितं सरांच्या पोटात होती, आणि शालूबाईला तेवढाच काय तो त्यांचा राग.

त्या वर्षी नववीला विषय दिला, ‘माझ्या घराचा इतिहास’. सर म्हणाले, “घरात सांगतात तेवढंच उतरवू नका. पुरावा काय, ते विचारा. खरं असेल ते लिहा. वाचणार मी एकटा.”

क्रांतीनं हे फार मनावर घेतलं. तिचे वडील विश्वजीत फौजेत होते. वेशीवरच्या कमानीवर त्यांचं नाव, त्याआधी ‘शहीद’. तिचे आजोबा आकाराम आबा रोज सकाळी त्या कमानीला सलाम ठोकून मगच चहा घ्यायचे. क्रांतीनं आईला पुरावा विचारला. आईनं आधी एक थोबाडीत दिली, आणि मग शेण भरता भरता सगळं सांगितलं. गोळी शत्रूची नव्हती. विश्वजीतच्या स्वतःच्याच रायफलीची होती. घरी यायला रजा मागून मागून माणूस आतून संपला होता. हे कळवायला आलेल्या साहेबानं आबांना आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गावाला आबांनी सीमेवरची गोळी सांगितली.

पोरीनं जसंच्या तसं लिहिलं. एकच माणूस वाचणार होता म्हणून लिहिलं.

आणि तोच माणूस त्या वर्षी वाचत नव्हता. मतदारयाद्या, जनगणना, वर डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. हेडसर भाऊसोंनी त्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. कागदाचा फोटो काढायचा, की गुण आणि शेरा तयार. “सर, कशाला डोळं फोडताय?” हेडसर म्हणाले. “ह्यो गडी च्या बी मागत न्हाई.” सर काही अगदीच भोळे नव्हते. पहिले काही निबंध त्यांनी स्वतः वाचून ताडून पाहिले. गुण बरोबर निघाले. मग पुढचे वाचायचं सोडलं. शेरा मात्र स्वतःच्या हातानं, लाल शाईत उतरवून काढायचे. गावाला त्यांचंच अक्षर लागायचं ना!

यंत्रानं सगळ्यांत वर काढला क्रांतीचा निबंध. ‘पुराव्याचा प्रामाणिक वापर. धाडसी लेखन.’ यात यंत्राचं काही चुकलं, असं कुणी म्हणू नये. निबंध होताच तसा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की कमानीखाली एक निबंध सर कर्ण्यावरून वाचायचे, ही गावची रीत. आजवर सर चौकात शोभेल असा निबंध निवडत. या खेपेला वरचा कागद उचलला. नाव आधी फोडायचं नाही, हा त्यांचा जुना नखरा. “यंदा, क्रांती विश्वजीत!” म्हणाले, तशी पोरगी रांगेतून उठली. “सर, त्यो न्हाई! त्यो नगं!” पोरगी लाजली, म्हणून लोक हसले. पुढच्या खुर्चीवर आबा फेटा सावरून बसले.

पहिलं पान पणजोबांचं होतं. सरांनी ते झोकात वाचलं. पान उलटलं. “आबा सांगतात, बाबांना सीमेवर गोळी लागली. पण गोळी बाबांच्याच रायफलीची होती—”

जिभेला वेग होता. डोळ्यांच्या आधी ती पुढं गेली. सर थांबले. मग म्हणाले, “पुढचं अक्षर लागत नाही.” इतक्या वर्षांत कुठल्या पोराचं अक्षर सरांना लागलं नाही, असं झालं नव्हतं. सगळ्यांना कळलं.

आबा उठले. कमानीकडं न बघता तिच्याखालून घरी गेले. कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. गिरणीत मात्र त्या दिवशी दळण थांबेना. आठवडा संपायच्या आत पेंटर शिडी लावून चढला आणि ‘शहीद’ तेवढं पुसून गेला. नाव राहिलं. आबा आता उसातल्या आडवाटेनं ये-जा करतात.

क्रांतीला घेऊन आई शिराळ्याला माहेरी निघाली, तेव्हा सर एसटीच्या थांब्यावर गेले. हातात तो निबंध. क्रांतीनं घेतला, खालचा शेरा पाहिला.

“सर, ह्ये तुमचंच अक्षर हाय. म्हंजे तुमी वाचला हुता. तरी बी चौकात वाचला?”

होय म्हणावं तर दगाबाज, नाही म्हणावं तर त्याहून वाईट. “वाचला नव्हता गं,” ते म्हणाले. “यंत्रानं वाचला. शेराही त्याचाच. मी नुसता उतरवला.”

क्रांतीनं कागदाची घडी घातली. “दिल्यापासनं वाट बघत हुते,” ती म्हणाली. “वाटलं, तुमी कायतरी म्हनशाल. वर्गात रोज तुमच्या तोंडाकडं बघायची.”

एसटी आली. क्रांतीच्या आईनं तिच्या हातातला कागद काढून सरांपुढं धरला.

“ठेवा तुमालाच. समद्या गावानं ऐकलाय, सर. तुमीच तेवढं वाचायचं ऱ्हायलाय.”